हिरवी सून, लाल सून

उतेकरांच्या दोन्ही सुनांचे अहवाल एकाच दुपारी आले, आणि त्या दुपारपासून त्या घराचं वागणं बदललं.

थोरली सून ऋतुजा तेव्हा धक्क्यावर लाँचच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती. धरणाच्या फुगवट्याकाठी वसलेल्या सावरढाणपासून पलीकडच्या तीरावरच्या बाजारगावापर्यंत विजेवर चालणारी ती लाँच तीच चालवायची. तिनं ओले हात ओढणीला पुसून फोन उघडला, तर पडद्यावर हिरवी पट्टी होती. ‘वारवाचन पूर्ण. धोका आढळला नाही.’ हातातलं काम तसंच टाकून ती चढ चढून घरी आली.

ओट्यावर धाकटी जाऊ सिद्धी बसली होती. तिचा फोन मांडीवर पालथा पडलेला होता. विचारायची गरज उरली नाही.

सासूबाईंनी, वैशालीताईंनी, ऋतुजाची मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. “माझी हिरवी सून!” म्हणून तिच्या गालांवरून बोटं मोडली. सिद्धीला त्या काही बोलल्या नाहीत. दोन शब्द टाकून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सिद्धी पुढे म्हणायची.

वारवाचन येऊन तोवर पाचसहा वर्षं झाली होती. आईच्या पोटात बाळाबरोबर वार वाढते. आईच्या रक्तातलं अन्नपाणी आणि प्राणवायू बाळापर्यंत पोचवायचं काम तिचं. वाढताना ती आपल्या पेशींमधले बारीक बारीक जनुकीय निरोप आईच्या रक्तात सोडत असते. कुठली पेशी काय बनवते आहे, कुठे तिची कोंडी होते आहे, ते त्या निरोपांत असतं. तिसऱ्या महिन्यात दंडातून थोडंसं रक्त घ्यायचं आणि यंत्रानं ते निरोप वाचायचे. लाखो बाळंतपणांवरून शिकलेलं ते यंत्र सांगायचं, की या बाईचा रक्तदाब पुढे चढून झटके येतील का, हिची वार गर्भाशयात खोल रुतून बसेल का, हिला वेळेआधी कळा येतील का. आणि ते क्वचितच चुकायचं.

सिद्धीच्या अहवालावर लाल पट्टी होती, रक्तदाबाच्या धोक्याची. तिला रोज झोपताना घ्यायची छोटी गोळी सुरू झाली, मनगटावर दाब मोजणारा पट्टा आला, आणि सातवा लागला की साताऱ्याच्या प्रसूतिनिवासात राहायला जायचं ठरलं. तिथे लाल अहवालाच्या बायकांसाठी डॉक्टर होते, रक्तपेढी होती, रोज दुपारी वर्ग भरायचे. गावात मात्र तिच्याकडे बायका वेगळ्या नजरेनं बघू लागल्या. वैशालीताईंनी तिला ऋतुजाच्या ओटीभरणात पुढे येऊ दिलं नाही.

“काही वाईट मनात न्हाई माझ्या,” त्या म्हणाल्या, “पर लालची सावली हिरव्यावर कशाला?”

सिद्धी आत गेली. ऋतुजानं तिथे सासूला अडवलं नाही. बायकांनी घर भरलं होतं, आणि हिरवी असण्याचं सुख तिलाही गोड लागत होतं.

ते सुख एका सकाळी संपलं.

वरच्या वाडीतली कल्याणी हिरवी होती. तिची प्रसूती काठावरच्या उपकेंद्रात सुखरूप झाली, मुलगा झाला, घरच्यांनी फोनवर फोटो धाडले. त्यानंतर तिचं रक्त थांबेना. उपकेंद्राच्या सिस्टरनी रक्त घेऊन येणारा ड्रोन मागितला. यंत्रणेनं रुग्णाचा रंग विचारला. हिरवा म्हटल्यावर वरिष्ठांच्या मंजुरीची वाट बघायला सांगितलं. घरचे थांबले. तिचा नवरा पुण्यात, तो फोन उचलेना, आणि त्याला विचारल्याशिवाय हलवायचं कसं, म्हणून आणखी थांबले. शेवटी कल्याणीला ऋतुजाच्या लाँचमध्ये आणलं, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती एकदाच बोलली. “थंडी वाजतीय गं.” ऋतुजानं लाँच होती तेवढ्या जोरानं हाणली. पलीकडचा काठ समोर दिसत असताना कल्याणी गेली.

त्या दिवशी ऋतुजानं लाँचच्या फळ्या स्वतः धुतल्या. कोणी मदतीला आलं तर त्याला परत पाठवलं. फळ्या वाळेपर्यंत ती धक्क्यावर पोटावर हात ठेवून बसली आणि उठली ती ठरवूनच उठली. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी संपवून ती बाजारगावच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर निलोफर मुल्लांसमोर जाऊन बसली.

“मॅडम, ती हिरवी होती. मीपण हिरवी आहे. मग हिरवं म्हणजे काय?”

डॉक्टरांनी समोरचा चहा बाजूला सारला.

“हिरवं म्हणजे वारेत दोष नाही. तेवढंच.”

“मग ती का गेली?”

“हाताची मूठ कर,” डॉक्टर म्हणाल्या. ऋतुजानं केली. “बाळ झालं की वार सुटते. ती चिकटलेली असते त्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय असं मुठीसारखं आवळलं, की त्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. पण कधी कधी गर्भाशय दमतं. मूठ सैलच राहते. ते कोणाचं दमेल हे तिसऱ्या महिन्यातल्या रक्ताला कुठून कळणार? यंत्र वार वाचतं. गर्भाशयाचा दम वाचत नाही.”

“मग हे हिरव्या बायकांना कोण सांगतं?”

“पूर्वी सगळ्यांनाच सांगायचो. आता वर्ग लाल बायकांचे, ड्रोन लाल बायकांसाठी.” डॉक्टर पुढे म्हणाल्या, “पण ऋतुजा, मी या चाचणीला नावं ठेवणार नाही. झटके येऊन गेलेल्या बाया मी डोळ्यांनी बघितल्यात. त्या आता जगतात. तुझी जाऊ जगेल. हिरव्या मात्र अधूनमधून एखादी जाते, आणि एखादीच जाते म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.”

“माझ्या डोळ्यांवर आलीय,” ऋतुजा म्हणाली. “माझ्या बाबतीत असं झालं तर काय काय लागेल, ते सांगा मला.”

डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टरकडे एक इंजेक्शन असतं, मग दुसरं. तेवढ्यानं भागलं नाही तर भूल देणारा डॉक्टर, गर्भाशयात फुगवायचा फुगा आणि रक्त. हे सगळं पलीकडच्या काठावर. म्हणजे लाँच हवी, ती चालवणारं माणूस हवं, जुळणाऱ्या गटाचं रक्त देणारी माणसं बरोबर हवीत. “आणि निघायचं हे कोणी ठरवायचं, ते आधीच ठरलेलं असावं,” डॉक्टर म्हणाल्या. “बायका बहुतेक तिथेच हरतात.”

घरी हे बोलल्यावर वैशालीताईंनी कानांवर हात ठेवले. “आगं, हिरवं आलंय तुझं! कशाला इपरीत बोलतीस भरल्या पोटी?”

नवरा प्रथमेश शनिवारी आला. तो पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला होता. यंत्रांवर त्याचा फार जीव. “उगाच घाबरतीस,” तो म्हणाला. “आमच्या पात्यांना सेन्सर आहेत. काय बिघडणार ते महिनाभर आधी कळतं. आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवतो.”

“तुमचा सेन्सर पात्याला लावलाय. खालचा पाया खचला तर तो सांगतो?”

जेवून हात धुताना प्रथमेश म्हणाला, “पायाचा सेन्सर वेगळा असतो.” आणि थोड्या वेळानं, “काय करायचं ते सांग. मी आहे.”

सगळ्यात तिखट बोलली ती सिद्धी. साताऱ्याला जायच्या आदल्या संध्याकाळी ती कपडे भरत होती. ऋतुजा मदतीला गेली, तर तिनं साडी हातातून ओढून घेतली.

“वहिनी, तुम्हाला हिरवं मिळालं. ओटी भरली, दृष्ट काढली. मला लाल मिळालं तेव्हा कोणी माझ्याजवळ बसलं नाही. आता तुम्हालाच भीती वाटते म्हणून सगळं गाव डोक्यावर घेताय. माझी भीती कुठं गेली?”

ऋतुजा तिथेच जमिनीवर बसली. “त्या दिवशी मी आईंना थांबवायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “नाही थांबवलं. चुकलं माझं.”

सिद्धी रडली नाही. साडीची घडी घातली, उलगडली, परत घातली. निघताना एवढंच म्हणाली, “तिथं वर्गात काय शिकवतात ते कळवीन.”

आणि तिनं शब्द पाळला. साताऱ्याहून रोज तिचा फोन यायचा. सुरुवातीला कोरडा, मग लांबत जाणारा. “आज शिकवलं, डोकं फार ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडावर सूज आली, तर सकाळची वाट बघायची नाही. बाळाचं हलणं मंदावलं तर डाव्या कुशीवर पडून लक्ष ठेवायचं, आणि तरी शंका आली तर निघायचं.” दुसऱ्या दिवशी ऋतुजा हेच लाँचमध्ये बसलेल्या बायकांना सांगायची. फेरीला तासभर लागायचा आणि बायकांना उठून जायला जागा नसायची. दळणाच्या पिशव्या मांडीवर घेऊन त्या ऐकायच्या. कुणी हसायची. कुणी उतरताना हळूच परत विचारायची.

रक्तगटाची माणसं शोधायला वेळ लागला. दुकानवाले नवनाथ सपकाळ लगेच हो म्हणाले. शाळेच्या कदम बाई म्हणाल्या, “माझा गट तोच आहे, पण सुईची भीती वाटते. तरी येईन.” प्रथमेशचा गट जुळत नव्हता. त्यानं दुसरं काम घेतलं. चैत्रात फुगवट्याचं पाणी उतरतं, लाँच खाली दूर बांधावी लागते आणि मध्ये गुडघाभर गाळ राहतो. त्यानं रजा टाकून गाळावर बांबूच्या फळ्यांची वाट अंथरली आणि डोलीला नवे दोर बांधले.

राहिला प्रश्न लाँचचा. ती चालवणारी बाईच बाळंतीण असणार. प्रथमेश तेव्हा जवळ असेलच असं नाही.

“आई, तुम्ही शिका,” ऋतुजा म्हणाली.

“मी? मला सायकल येत न्हाई!”

“लाँचला तोल सांभाळावा लागत नाही.”

वैशालीताई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आपणहून धक्क्यावर आल्या, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “कल्याणीची सासू आली व्हती. बोलत न्हाई ती बाई आता. नुस्तं भिंतीकडं बघत बसती.” मग सुकाणूकडे हात केला. “कसं धरायचं ह्ये?”

पहिल्या दिवशी त्यांनी लाँच धक्क्यावर आपटली आणि धक्क्याला टांगलेला एक टायर फाटला. दुसऱ्या दिवशी लाँच गोल गोल फिरवली. “नाक लाटेकडं, आई! बाजूनं घेतलं तर उलटेल!” ऋतुजा ओरडायची. “तू वरडू नगंस, मला समजतं!” त्या उलट ओरडायच्या. काठावरची पोरं टाळ्या पिटायची. पण फाल्गुन संपेपर्यंत वैशालीताई एकट्यानं लाँच पलीकडे नेऊन परत आणू लागल्या, आणि मासळी बाजारातल्या बायकांना हे सांगायला लाजेनाशा झाल्या.

एका संध्याकाळी ऋतुजानं प्रथमेशला फोन लावून तो आईंच्या हातात दिला. “बोला. ठरल्याप्रमाणं.”

“आई,” तो म्हणाला, “वेळ आली तर तू ठरव. मला फोन लागायची वाट बघू नकोस.”

“आन् काय चुकलं तर?”

“तर माझ्या नावावर.”

कळा सुरू झाल्या त्या चैत्रातल्या एका उजाडत्या सकाळी. उपकेंद्रात अश्विनी सिस्टर होत्या. कल्याणीचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी बाळंतपणाची सगळी औषधं मोजून उशाशी ठेवायची सवय लावून घेतली होती. ऊन चांगलं वर आल्यावर मुलगी झाली. रडली, लाल झाली, आईच्या छातीवर निजली. वार पडली. सिस्टरनी इंजेक्शन दिलं.

ऋतुजाला पाठीखाली ऊब जाणवली. मग ती ऊब पसरू लागली.

“सिस्टर, थांबत नाही वाटतं.”

सिस्टरनी रक्त मोजायला खाली लावलेली पिशवी बघितली. रक्त खुणेच्या वर होतं. त्यांनी पोटावर हात ठेवला. “मऊ आहे,” त्या म्हणाल्या आणि जोरानं चोळू लागल्या. दुसरं इंजेक्शन. सलाइन. एक हात पोटावर, दुसऱ्यात फोन. ड्रोन मागितला. फोनमधून शांत आवाज आला: रुग्णाचा रंग हिरवा, मंजुरीची प्रतीक्षा करा. लगेच दुसरी सूचना आली, की वारा जोराचा असल्यानं उड्डाणं थांबली आहेत.

वैशालीताई दारात उभ्या होत्या. नात त्यांच्या हातांत कापडात गुंडाळलेली. त्यांनी प्रथमेशचा नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवायला बोट गेलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ऋतुजाचे ओठ हलत होते.

“निघायचं,” वैशालीताई म्हणाल्या. “सिस्टर, तुम्ही चला. सपकाळांना हाक मारा. कदम बाईंना शाळेतनं उचला.”

गाळावरच्या फळ्या डोलीखाली करकरल्या. सपकाळ आणि त्यांचा भाऊ पुढेमागे, अश्विनी सिस्टर बाजूनं चालत पोट दाबून धरलेल्या. लाँचच्या फळ्यांवर ऋतुजाला निजवलं, तेव्हा तिला आभाळ फार उंच दिसलं. वारा पाण्यावर पांढरे तुरे उठवत होता. तिला थंडी वाजू लागली, आणि कुणाचा तरी आवाज आठवून ती दचकली. झोपायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. ती कान देऊन ऐकत राहिली. सुकाणूपाशी सासूबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या.

“नाक लाटेकडं… नाक लाटेकडं… बाजूनं घ्यायचं न्हाई…”

एक लाट आडवी आली. लाँच कलली. बाळाला छातीशी धरून बसलेल्या कदम बाई किंचाळल्या, आणि त्याच क्षणी वैशालीताईंनी सुकाणू सगळ्या अंगाचा भार टाकून फिरवलं. लाँच सरळ झाली.

“आई,” ऋतुजा म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज जेमतेम फुटला. “वेग कमी नका करू.”

“गप पड,” वैशालीताई म्हणाल्या. “आता ही लाँच माझी हाय.”

सिस्टरचा फोन आधीच गेला होता; काठावर डॉक्टर मुल्ला स्वतः स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. पुढचं ऋतुजाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजारच्या खाटेवर डोळे घट्ट मिटून पडलेल्या कदम बाई. त्यांचं रक्त झटपट तपासून पुढे देणारं यंत्र. पोटात काहीतरी फुगत गेल्याची जाणीव. मग अंधार. जाग आली तेव्हा प्रथमेश पायांशी बसला होता आणि डॉक्टर म्हणत होत्या, “थांबलं. गर्भाशयही वाचलं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मी काहीच सांगू शकले नसते.”

“आई कुठायत?” तिनं विचारलं.

“बाहेर. लाँच पाण्यात सरकली होती, ती बांधायला गेल्यात,” प्रथमेश म्हणाला.

पंधरवड्यानं सिद्धीची प्रसूती झाली. रक्तदाब ठरल्या वेळी चढला, डॉक्टरांनी ठरल्या वेळी शस्त्रक्रिया केली, मुलगा सुखरूप. साताऱ्याहून तिला आणायला वैशालीताई गेल्या. त्यांनी तिला आपणहून सांगितलं, की तुझ्याशी मी नीट वागले न्हाई. सिद्धीनं मान हलवली. क्षमा केली असं म्हणाली नाही. बाळ मात्र त्यांच्या हातात दिलं.

पुढल्या महिन्यात डॉक्टर मुल्लांनी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला लिहून कळवलं, की वारवाचनाचा अहवाल रंगात देऊ नये, आणि चाचणी काय बघत नाही ते त्यावर ठळक लिहावं. उत्तर यायचं होतं. ऋतुजा त्याची वाट बघत बसली नाही. तिनं सावरढाणच्या समाजमंदिरात वर्ग भरवला. शिकवायला सिद्धी उभी राहिली, कारण शिकली तीच होती. आसपासच्या वाड्यांमधून पोटुश्या आल्या, बरोबर सासवा आल्या. दारात कुणीतरी विचारलं, हिरव्यांनी कुठं बसायचं नि लालनी कुठं.

“जिथं जागा असंल तिथं,” वैशालीताई म्हणाल्या.

सिद्धीनं घसा साफ केला. ती पुढच्या रांगेतल्या एका कोवळ्या मुलीकडे वळली. मानसी नाव तिचं, नुकताच हिरवा अहवाल आलेला.

“बाळ झालं आणि तुझं रक्त थांबेना. नवऱ्याचा फोन लागत नाही. निघायचं हे कोण ठरवणार?”

मानसीनं शेजारी बसलेल्या सासूकडे बघितलं. सासू जमिनीकडे बघत होती. मागच्या भिंतीला टेकून मुलीला पाजत असलेली ऋतुजा मधे बोलली नाही.

“मी,” मानसी म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आणि माझी शुद्ध गेली तर ह्या. पण ह्यांनाच विचारा, ठरवतील का.”

सगळ्या माना त्या बाईकडे वळल्या. तिनं पदर सारखा केला. मग नजर वर करून तिनं सरळ सिद्धीला विचारलं,

“रक्त किती म्हंजी जास्त, त्ये आधी दावा मला.”